सातवी फेरी

फहाहीलच्या तिसऱ्या मजल्यावर शुक्रवारी दुपारी
आम्ही न्हाणीघराचं दार बिजागऱ्यांवरून उतरवतो
आणि पाण्याच्या चार मोठ्या बाटल्यांवर आडवं टाकतो.
आतली बाजू वर. ती रोमुलोने हिरवी रंगवलीय.
पालथे दोन वाडगे म्हणजे टेकड्या,
भांड्यांच्या घासणीचं अरण्य,
एसीच्या खोक्यातल्या थर्माकोलचा बुरूज
इतका देखणा की पाडायला जीव होत नाही.
दर शुक्रवारी पडतो.
(तोवर ज्याला आत जायचं असेल
त्याने मोठ्याने गात बसायचं, हा घरचा नियम.)

सैन्य शिशाचं.
अहमदीच्या एका म्हाताऱ्या स्कॉटिश फोरमनने
देश सोडताना बारा दिनारांत विकलेलं,
वर एक मायक्रोवेव्ह फुकट.
राक्षस, बुटके, तिरंदाज, दोन जादूगार,
डावा पंख आरल्डाइटच्या भरवशावर असलेला ड्रॅगन.
हातात घेतलं की वजन कळतं.
मेलेला बाहेर काढून ठेवला
की ठक् वाजतं.

नियमांचं पुस्तक झेरॉक्सचं झेरॉक्स,
त्यात सत्तेचाळीसावं पान नाही.
जादूगार नदीत पडला तर काय
ते बहुधा त्या पानावर होतं.
आम्ही ठरवलंय, तो भिजतो.

आठवडाभर आम्ही मिलिमीटरची माणसं.
सिराज तांबे फ्लँजमधली फट मोजतो, मी गेजचा काटा.
शुक्रवारी इंच.
घोडदळ आठ, बुटके चार,
आणि अर्ध्या इंचावरून असं भांडण
की खालचा मिसरी हारिस अब्दुलमौजूद वर येतो, बेल दाबतो,
चहा घेतो,
मग म्हणतो, आण इकडे फासे.

त्या शुक्रवारी बाहेर धूळ होती,
समोरची इमारत दुपारी दोनलाच गेली.
रविवारी सिराजचा अकामा संपणार होता.
एकोणीस वर्षं.
त्यावर कुणी काही बोललं नाही,
बोललो ते त्याच्या उजव्या बगलेबद्दल,
जी त्याने नेहमीसारखी उघडी ठेवली होती.

सातव्या फेरीत माझं घोडदळ तिथून शिरलं.
पलटणीतला चौथा हिस्सा पडला
की बाकीच्यांनी धीराचे फासे टाकायचे, दोन.
आठ किंवा वर आले की पळ,
तोंड फिरवून, जवळच्या कडेकडे.
सिराजने टाकले. सहा आणि पाच.

एकवीस राक्षस.
तो एकेकाला उचलायचा, उलटं वळवायचा, ठेवायचा.
घाई नाही.
वाकलेल्या भाल्याचा एक होता, तो सारखा आडवा व्हायचा,
त्याला खाली बडीशेपेचा दाणा लावून उभा केला.

रोमुलो म्हणाला, सेनापती जवळ असेल तर पुन्हा टाकता येतात,
सत्तेचाळीसाव्या पानावर असणार.
अब्दुलमौजूदने लगेच मान हलवली,
त्याला इंग्रजी वाचता येत नाही.
सेनापती जवळ होता खरा,
पण माझा.
मी म्हटलं, चालेल. टाक.

नको, सिराज म्हणाला.
पळतायत तर नीट पळू देत.
टेप दे.

नऊ इंच. मोजून.
कडेला दीड इंच उरला
आणि खाली रात्रपाळीच्या बसचा हॉर्न वाजला.

रोमुलोने प्रत्येकाच्या पायाभोवती खडू फिरवला,
पुढच्या शुक्रवारी इथूनच, असं म्हणाला
आणि मग टेपचा पत्रा आत-बाहेर करत बसला.
डबा भरताना वाकड्या भाल्याचा सिराजच्या खिशात गेला.
आम्ही तिघांनी ड्रॅगनचा पंख तपासला.

दार आता जागेवर आहे.
आतून कडी लावली की समोर लढाई, उभी.
माझं घोडदळ कमरेच्या उंचीला,
आणि पार वर, चौकटीपासून दीड इंचावर,
खडूची एकवीस वर्तुळं.
डब्यात वीस.

पुसून टाक, रोमुलो म्हणतो,
नाहीतरी वाफेने जातीलच.
हो म्हणतो मी.
दारामागच्या खुंटीवर टॉवेल असायचा,
तो आता बाहेर ठेवतो.